चार महिने ६० हर्ट्झवर : एका प्रतिक्रियेला उत्तर

वाचकमित्र,

(नाव दिलेलं नाहीत, म्हणून हेच संबोधन.) गेमिंगसाठी मॉनिटर कसा निवडावा या माझ्या लेखावर तुम्ही लिहिलंय, ‘लेखक स्वतः चार महिने १४४ हर्ट्झचा मॉनिटर ६० वर चालवत होता आणि त्याला पत्ता नव्हता. मग वाचकाला कसला फरक सांगतोय? हा लेख आहे की दुकानदाराची पाटी? माझ्याकडेही १४४ आहे, काडीचा फरक नाही. अभ्यास वाढवा.’ (हर्ट्झ म्हणजे पडद्यावरचं चित्र सेकंदाला किती वेळा नव्याने उमटतं तो आकडा, म्हणजेच रिफ्रेश रेट.) शिवाय एचडीएमआय जोडणीबद्दल एक चूक दाखवलीत, ग्राफिक्स कार्डाचा प्रश्न काढलात आणि आयपीएस प्रकारच्या पॅनेलवर (पडद्यावर) काळा रंग राखाडी दिसतो हे मी लपवलं, असंही म्हणालात.

आधी चूक. ‘१४४ हवे असतील तर डिस्प्लेपोर्टच लागतं’ (म्हणजे मॉनिटर जोडायची दुसरी जोडणी) असं मी सरसकट लिहिलं होतं. ते बरोबर नाही. मॉनिटरच्या पोर्टची साथ असेल तर एचडीएमआय २.० वर २५६० × १४४० पिक्सेलांच्या पडद्याला १४४ हर्ट्झ मिळतात. ओळ दुरुस्त केली आहे, आभार. एवढं सांगायला ‘अभ्यास वाढवा’ची फोडणी कशाला हवी होती, ते तुम्हालाच ठाऊक.

दुकानदाराची पाटी म्हणालात. मला आजवर कुणी मॉनिटर सोडाच, साधी केबलसुद्धा फुकट पाठवलेली नाही. जो मॉनिटर वापरतो त्याच्या उजव्या कोपऱ्यात एक मेलेला पिक्सेल आहे आणि मी तो तसाच चालवून घेतो. विकणारी माणसं असं करत नाहीत.

राहिली ती चार महिन्यांची गोष्ट. ती तुम्ही कुठून हुडकून काढलेली नाही. मीच लेखात लिहिली होती, वाचणाऱ्याची तरी तशी फजिती होऊ नये म्हणून. स्वतःची फजिती मोकळेपणाने सांगावी आणि कुणीतरी तीच उचलून आपल्या टाळक्यात हाणावी, याचं वाईट वाटतं. ते लपवत नाही.

आणि तर्क तरी धड करा ना. माझा जुना मॉनिटर ६० चा होता. नवा जोडला, विंडोजने तो ६० वरच ठेवला, मी सेटिंग उघडून पाहिली नाही. म्हणजे त्या चार महिन्यांत मी १४४ हर्ट्झ पाहिलेच नव्हते. साठातून साठात गेलेल्या माणसाला कसला फरक कळणार? हो, मित्रांना ‘एकदम लोण्यासारखं चालतंय’ असं सांगत होतो. नव्या वस्तूच्या कौतुकात माणूस बोलून जातो. त्याचा एवढा बाऊ नको.

फरक कळला तो विंडोज नव्याने टाकलं त्या दिवशी. अ‍ॅडव्हान्स्ड डिस्प्लेमध्ये ६० दिसलं, १४४ केलं आणि माउसचा बाण गोल गोल फिरवला. मागे उमटणारे त्याचे ठसे एकदम दाट झाले. एक विंडो पकडून ओढली, तर ओढता ओढता तिचा मथळा वाचता येत होता. आधी नुसतं फरफटलेलं काहीतरी दिसायचं. हे कौतुकाने दिसत नाही हो.

मी गेम खेळायला लागलो तेव्हा टेबलावर सीआरटीचा, म्हणजे जुन्या काचेच्या नळीच्या मॉनिटरचा, डबा होता. काउंटर-स्ट्राइक ८५ हर्ट्झवर खेळायचो. मग पहिला एलसीडी आला, ६० चा, आणि पहिल्याच रात्री मान वळवली की भिंतीवरची अक्षरं ओल्या बोटाने पुसल्यासारखी दिसायला लागली. ड्रायव्हर बदलले, केबल बदलली, काही उपयोग नाही. कारण पुढे कळलं. सीआरटीवर प्रत्येक ठिपका क्षणभर उजळून विझतो. एलसीडी आख्खी फ्रेम, म्हणजे एकेक चित्र, तशीच धरून ठेवतो, ६० हर्ट्झला १६.७ मिलिसेकंद. आपली नजर मात्र हलत्या वस्तूबरोबर सरकत असते, त्यामुळे थांबलेलं चित्र डोळ्यात फासलं जातं. सेकंदाला ९६० पिक्सेल वेगाने सरकणारी वस्तू, म्हणजे १९२० रुंदीचा पडदा दोन सेकंदांत ओलांडणारी, ६० वर १६ पिक्सेल फासली जाते. १४४ वर फ्रेम ६.९ मिलिसेकंदांची, फासणं सात पिक्सेलांच्या आत. पळत्या खेळाडूच्या डोक्यावरचं नाव वाचता येणं न येणं यातच आहे. ‘काडीचा फरक’ तो हा.

बाकीचे मुद्दे थोडक्यात. ग्राफिक्स कार्ड सेकंदाला ७० फ्रेमच देत असेल तर १४४ कशाला, हा कार्डाचा प्रश्न आहे, त्यावर कधीतरी वेगळं लिहीन. तूर्त एवढंच, की अ‍ॅडॅप्टिव्ह सिंक असलेला मॉनिटर कार्डाच्या फ्रेमप्रमाणे आपला वेग बदलतो, त्यामुळे ७० फ्रेमही वाया जात नाहीत. आयपीएसचा कॉन्ट्रास्ट (उजळ आणि काळ्यातलं अंतर; जास्त तितका काळा गडद) साधारण १०००:१ आणि व्हीए या दुसऱ्या प्रकारच्या पॅनेलचा ३०००:१ च्या आसपास, हे लेखातल्या तक्त्यात आहे. व्हीएवर अंधाऱ्या दृश्यात हलत्या वस्तूमागे काळपट शेपूट राहतं, हेही तिथेच आहे. तक्ता न वाचता ‘लपवलं’ म्हणणं सोपं असतं.

तुमची प्रतिक्रिया काढलेली नाही, काढणारही नाही. फक्त एक काम करा. डेस्कटॉपवर राइट क्लिक, डिस्प्ले सेटिंग्ज, खाली अ‍ॅडव्हान्स्ड डिस्प्ले, तिथे रिफ्रेश रेट. तुमच्या १४४ च्या मॉनिटरवर तिथे कुठला आकडा दिसतो, ते इथे येऊन लिहा. ६० असेल तरी लिहा, मी हसणार नाही.