शंभर मिलिमोलरने स्लायडी निघत नाही

‘निकेल कॉलमवरची घाण घालवायचे चार हमखास उपाय’ अशा मथळ्याचं एक चित्र गेले काही महिने प्रयोगशाळांच्या व्हॉट्सॲप गटांवर फिरतंय. निकेल कॉलम म्हणजे निकेल लावलेल्या मण्यांची (रेझिनची) नळी; हव्या त्या प्रथिनाला हिस्टिडिन या अमिनो आम्लाची शेपटी, म्हणजे हिस-टॅग, जोडली की ते तिथे चिकटतं आणि बाकीचं धुऊन जातं. ते चित्र मी दोनदा पाहिलं आणि सोडून दिलं. मागच्या आठवड्यात शेजारच्या बाकावरची विद्यार्थिनी रडवेली होऊन आली. ‘‘ताई, माझं सगळं प्रोटीन वॉशमध्ये गेलं आणि जेलवर पंचविसाचा बँड आहे तिथेच आहे.’’ (वॉश म्हणजे कॉलम धुण्याचं द्रावण; जेलवर प्रथिनं आकारानुसार पट्ट्यांत, म्हणजे बँडमध्ये, दिसतात, आणि हा २५ किलोडाल्टनच्या जागेचा नको असलेला बँड.) तिने त्या चित्रातली पहिली ओळ पाळली होती. आता गप्प बसवत नाही.

ती ओळ अशी: ‘वॉशमध्ये इमिडाझोल १०० मिलिमोलर करा, सगळी घाण जाते.’ इमिडाझोल हिस्टिडिनसारखंच निकेलला चिकटतं आणि प्रथिनांना तिथून हटवतं. ज्या जिवाणूत आपण प्रथिन बनवतो त्या ई. कोलायची स्वतःची प्रथिनं निकेलला जेमतेम चिकटतात आणि आपलं हिस-टॅगवालं घट्ट, असं यात धरून चाललेत. बऱ्याच प्रथिनांच्या बाबतीत ते खरं आहे. म्हणूनच २० ते ४० मिलिमोलरचा वॉश कामी येतो, एवढं मान्य. पण स्लायडी या ई. कोलायच्याच प्रथिनाचं काय? साधारण २१ किलोडाल्टनचं हे प्रथिन जेलवर पंचविसाच्या आसपास धावतं. त्याच्या शेपटीत हिस्टिडिनची दाटी आहे, आणि पेशीत निकेल हाताळणं हे त्याचं कामच आहे. ते कॉलमवर चुकून आलेलं नसतं. सहा हिस्टिडिनांच्या टॅगच्या तोडीस तोड पकड घेऊन ते बसतं. त्यात तुमचा टॅग प्रथिनाच्या घडीत अर्धवट दडलेला असेल, तर इमिडाझोल वाढवल्यावर आधी सुटतं ते तुमचंच प्रथिन. या मुलीचं नेमकं तेच झालं. तीन आठवड्यांची मेहनत वॉशच्या नळ्यांत गेली.

अँडरसन, लेक्सा आणि श्वार्ट्झ यांनी २०१३ मध्ये लोबस्टर हा ई. कोलायचा स्ट्रेन (वाण) प्रसिद्ध केला, तो एकदा समजून घ्या. त्यांनी जिवाणूच बदलला. स्लायडीची हिस्टिडिनवाली शेपटी छाटली आणि आर्नए या दुसऱ्या चिवट प्रथिनाच्या पृष्ठभागावरचे हिस्टिडिन बदलले. नुसतं इमिडाझोल वाढवून भागत असतं, तर जीनोमला हात लावायची गरजच काय होती?

‘७० किलोडाल्टनचा बँड म्हणजे डीएनएके, एटीपीने धुवा’ हा उपाय अर्धा खरा आहे. डीएनएके हे इतर प्रथिनांना घडी घालायला मदत करणारं प्रथिन; ते निकेलला नव्हे, तर तुमच्या नीट न घडलेल्या प्रथिनाला धरून बसतं. मॅग्नेशियमसह एटीपी (पेशीतला ऊर्जा देणारा रेणू) दिलं तर ते पुष्कळदा सोडतं. पण आर्नए ७४ किलोडाल्टनचं आहे. साध्या जेलवर ही दोन्ही सहज एकमेकांसारखी दिसतात, आणि आर्नएला एटीपीने काही फरक पडत नाही. आधी बँड कापून मास स्पेक्ट्रोमेट्रीला (प्रथिन नेमकं कोणतं ते ओळखणाऱ्या चाचणीला) द्या, मग एटीपी खर्च करा.

‘रेझिन जास्त घ्या’ हे तर सरळ उलटं आहे. निकेलच्या जागा रिकाम्या राहिल्या की कमी पकडीची प्रथिनंही तिथे येऊन बसतात. रेझिन बेताचं असलं तर टॅगवालं प्रथिन त्यांना हुसकावून लावतं.

‘जेलवर एकच बँड म्हणजे शुद्ध’ यावर फार लिहीत नाही. कुमासी या प्रथिनांच्या रंगाने रंगवलेल्या जेलवर ना डीएनए दिसतो, ना एंडोटॉक्सिन (जिवाणूच्या आवरणातला विषारी घटक). डीएनए आहे का हे ताडायला २६० आणि २८० नॅनोमीटरवरच्या प्रकाशशोषणाचं गुणोत्तर बघायला मिनिटही लागत नाही.

त्या मुलीच्या रचनेत टॅगच्या पुढे टेव्ह प्रोटिएज या प्रथिन कापणाऱ्या एन्झाइमची कापजागा आहे. परवा आम्ही वॉश ३० मिलिमोलरवर आणला आणि रेझिन निम्मं केलं. एल्युशननंतर (प्रथिन कॉलमवरून उतरवल्यावर) डायलिसिसने इमिडाझोल काढून हिस-टॅगवाल्या टेव्हने टॅग कापला आणि सगळं पुन्हा निकेलवरून सोडलं. कापलेला टॅग, टेव्ह आणि स्लायडी कॉलमवर अडकले. तिचं प्रथिन खालच्या नळीत उतरलं, आणि पंचविसाचा बँड त्या नळीत नव्हता.