रेघेवरून रेणू कसा कळतो? एका प्रतिक्रियेला उत्तर

सविस्तर प्रतिक्रियेबद्दल आभार. लेखाखाली दोन ओळींत उत्तर देऊन भागणार नव्हतं, म्हणून इथे लिहितोय. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: सिंक्रोट्रॉनवर (म्हणजे अतिशय प्रखर क्ष-किरण देणाऱ्या मोठ्या यंत्रावर) क्ष-किरणांचं शोषण मोजण्याच्या तंत्रातून शेवटी हाती लागते ती एक वाकडीतिकडी रेघ, तिच्यावर हवं ते मॉडेल बसवता येतं (तुम्ही १८ चलं वापरलेला एक शोधनिबंध वाचलाय), वर ते किरणच नमुना बिघडवतात, आणि साध्या डिफ्रॅक्शनने (स्फटिकावरून विखुरलेल्या क्ष-किरणांवरून रचना काढण्याच्या पद्धतीने) हेच काम स्वस्तात होतं. मग ‘रेणूच्या पातळीवरचा अभ्यास’ कशाला म्हणायचं?

रेघ हे खरंच आहे, फोटो निघत नाही. क्ष-किरणांची ऊर्जा थोडी थोडी वाढवत न्यायची आणि दर पायरीला नमुन्याने किती किरण शोषले ते नोंदवायचं. लोखंड असेल तर ७११२ इलेक्ट्रॉन व्होल्टच्या आसपास शोषण एकदम उसळतं, तांबं असेल तर ८९७९ च्या. या उसळीला एज म्हणतात. ती थोडी पुढेमागे सरकली की अणूची ऑक्सिडीकरण अवस्था (त्याने किती इलेक्ट्रॉन गमावलेत ते; +२, +३ अशी लिहितात) कळते, आणि तिच्यापुढच्या बारीक लाटांवरून शेजारचे अणू किती अंतरावर आहेत ते. या लाटांवर फूरिये रूपांतर (लाटांतल्या वारंवारता वेगळ्या करणारं गणित) लावून अंतरं काढता येतात हे सेयर्स, स्टर्न आणि लिटल यांनी १९७१ मध्ये दाखवलं.

आता ‘हवं ते मॉडेल’. इथे मात्र मी सहमत नाही, कारण रेघेत माहिती किती आहे हे मोजता येतं. समजा लाटांचा वापरण्याजोगा पट्टा ३ ते १२ प्रति अँगस्ट्रॉम (अँगस्ट्रॉम म्हणजे मीटरचा हजार कोटीवा भाग) आहे आणि अणूभोवतीचं १ ते ३ अँगस्ट्रॉम अंतर तपासायचंय. दोन गुणिले ९ (पट्ट्याची रुंदी) गुणिले २ (अंतराची रुंदी), भागिले π: साधारण साडेअकरा. म्हणजे अकराच्या वर चलं मोकळी सोडायला त्या रेघेत जागाच नाही. शेजाऱ्यांच्या प्रत्येक थराला (साधारण एकाच अंतरावरच्या अणूंना) तीन चलं लागतात (अंतर, संख्या, विस्कळीतपणा), शिवाय ऊर्जेच्या शून्यबिंदूचं एक सामाईक. दोन थर आरामात बसतात, चार बसत नाहीत. तुम्ही वाचलेल्या निबंधात पट्टा एवढाच असेल, तर त्याच्यावर शंका घेणं रास्तच आहे. मीही असे निबंध वाचताना आधी तक्ता उघडून चलं मोजतो, निष्कर्ष नंतर.

मर्यादा आणखीही आहेत. अंतर ०.०२ अँगस्ट्रॉमपर्यंत अचूक मिळतं, पण शेजाऱ्यांच्या संख्येत १० ते २० टक्के चूक सहज असते. वरच्या पट्ट्यात ०.१७ अँगस्ट्रॉमपेक्षा कमी फरकाची दोन अंतरं वेगळी ओळखता येत नाहीत. शेजारी नायट्रोजन आहे की ऑक्सिजन, हे तर लाटांवरून जवळपास कळतच नाही. तसा छातीठोक दावा कुणी केला तर बाकीचा पुरावा मागावा.

पण काही प्रश्नांना असं मॉडेल बसवणं लागतच नाही. व्हॅन गॉगच्या चित्रांतला क्रोम पिवळा रंग तपकिरी का पडतो, हा त्यातला माझा आवडता. रंग म्हणजे लेड क्रोमेट. त्यात क्रोमियम +६ अवस्थेत असतं आणि भोवती चार ऑक्सिजनचा चतुष्फलक. या रचनेला सममितीचं केंद्र नसतं, त्यामुळे एजच्या अलीकडे, ५९९३ इलेक्ट्रॉन व्होल्टच्या सुमारास एक टोकदार शिखर येतं. +३ क्रोमियमभोवती सहा ऑक्सिजन असतात, ते केंद्र असतं, आणि शिखर जवळजवळ नाहीसं होतं. लेटिझिया मोनिको आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये ग्रनोबलच्या सिंक्रोट्रॉनवर रंगाच्या कणांचा छेद अतिसूक्ष्म किरणाने तपासला. काळवंडलेल्या, जेमतेम काही मायक्रोमीटर जाडीच्या वरच्या थरात +३ क्रोमियम सापडलं. म्हणजे ही नुसती धूळ किंवा वॉर्निश नव्हे, रंगद्रव्याचंच क्षपण झालेलं (क्रोमियमला इलेक्ट्रॉन मिळून ते +६ वरून +३ वर उतरलेलं). एका शिखराच्या उंचीवरून!

किरणांनी नमुना बिघडतो, हा तुमचा सगळ्यात वजनदार मुद्दा. पाण्यात किरण शिरले की मुक्त इलेक्ट्रॉन सुटतात आणि धातूंचं क्षपण करतात. प्रकाशसंश्लेषणातल्या फोटोसिस्टिम-२ या प्रथिनसमूहामध्ये चार मँगनीजचा गुच्छ असतो. डिफ्रॅक्शनने त्याची रचना काढताना जेवढी किरणमात्रा वापरत, तेवढ्यात त्यातलं बहुतेक मँगनीज +२ वर उतरतं हे २००५ मध्ये उघड झालं. आणि ते दाखवलं याच तंत्राने: एज खाली सरकताना दिसली. म्हणूनच बीमलाइनवर (सिंक्रोट्रॉनच्या प्रयोग-केंद्रावर) एकाच जागेचे स्कॅन लागोपाठ घेऊन एकमेकांवर ठेवतात, नमुना हेलियमने गोठवतात, दर स्कॅनला जागा बदलतात. स्वस्तातल्या डिफ्रॅक्शनला तो बिघाड इतक्या सहज कळत नाही.

तसं डिफ्रॅक्शनशी माझं वैर नाही. चांगला स्फटिक हाती असेल तर आधी तेच करावं. काच, द्रावण किंवा मातीच्या कणाला चिकटलेलं दशलक्षात काही भाग आर्सेनिक यांच्यापुढे मात्र त्याचा इलाज चालत नाही.

त्या १८ चलांच्या निबंधाचा दुवा द्या. पट्टा कुठून कुठपर्यंत घेतलाय ते बघून सांगतो.