मेणबत्ती, पेला आणि २१ टक्क्यांचा घोळ

सुट्टी लागली की व्हॉट्सॲपवर एक व्हिडिओ हमखास फिरतो. ताटलीत रंगीत पाणी, मधोमध पेटती मेणबत्ती, वर उपडा पेला. ज्योत विझते, पाणी आत चढतं. मग निवेदक सांगतो, ‘जळालेल्या ऑक्सिजनची जागा पाण्याने घेतली, म्हणून हवेत ऑक्सिजन २१ टक्के!’

आकडा बरोबर, कारण चूक.

पोरांना नीट बघायला सांगा. मेणबत्ती जळत असताना पाणी फारसं चढतच नाही; ज्योत विझली की मात्र सरसर चढतं. ऑक्सिजन संपत गेल्यामुळे चढायचं, तर ते जळतानाच हळूहळू चढायला हवं होतं ना? पेला ठेवताना काठाखालून बुडबुडे निसटतात, तेही पाहा. तापून फुगलेली हवा बाहेर पळते. ज्योत विझल्यावर उरलेली हवा निवते, आकसते, आणि बाहेरच्या हवेचा दाब पाणी आत ढकलतो. पेल्याला आतून धरलेलं दव म्हणजे ज्वलनात तयार झालेली वाफ. तीही निवून पाणी होते, त्याचाही थोडा हातभार. शिवाय सगळा ऑक्सिजन संपतच नाही. साधारण १६ टक्क्यांवर आला की ज्योत मान टाकते.

पटत नसेल तर त्याच पेल्याखाली तीन मेणबत्त्या लावा (मोठं माणूस जवळ हवंच). ऑक्सिजन तेवढाच, पण पाणी जास्त चढतं.

२१ टक्के खरंच मोजायचे असतील, तर लोखंड गंजू द्या; गंजताना ते हवेतला ऑक्सिजन घेतं. व्हिनेगरमध्ये भिजवून झटकलेलं स्टील वूल (बारीक लोखंडी तारांचा गुंता) परीक्षानळीच्या तळाशी घट्ट बसवा, नळी पाण्यात उपडी ठेवा. पाणी सावकाश साधारण एक पंचमांशापर्यंत चढतं. व्हिडिओला मात्र एवढा धीर कुठला!