माहेरी जाताना विसरलेली फाइल

गेल्या महिन्यात धाकट्या जावेचे डोहाळजेवण झाले आणि चारच दिवसांनी ती पहिल्या बाळंतपणासाठी साताऱ्याजवळच्या माहेरी गेली. हिरवी साडी, ओटीचा नारळ, डिंकाच्या लाडवांचे सामान, सगळे आठवणीने गाडीत चढले. तपासण्यांची फाइल मात्र पुण्यातल्या कपाटातच राहिली. तिकडच्या डॉक्टरांनी आधीचे रिपोर्ट विचारले तेव्हा मी एकेका कागदाचा फोटो काढून व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवत बसले.

गर्भारपण सुरळीत असेल तर तपासणीला किती वेळा जावे, यावर घरोघरी वाद होतात. खासगी दवाखान्यांची जुनी रीत अठ्ठावीस आठवड्यांपर्यंत महिन्याने, छत्तीसपर्यंत पंधरवड्याने आणि पुढे दर आठवड्याला अशी आहे. सरकारी कार्यक्रमात किमान ४ तपासण्या सांगितल्या आहेत. जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ मध्ये हा आकडा ४ वरून ८ केला. या आठांपैकी पहिली बाराव्या आठवड्यापर्यंत, मग २०, २६, ३०, ३४, ३६, ३८ आणि ४० व्या आठवड्यात, म्हणजे तब्बल ५ तपासण्या सातव्या महिन्यानंतर येतात, आणि नेमक्या त्याच वेळी आपल्या मुली गाव आणि डॉक्टर दोन्ही बदलतात.

माझ्या मते तपासणीच्या खेपांचे नियोजन करताना हा सांधा आधी धरला पाहिजे. माहेरच्या डॉक्टरांना पाचव्या-सहाव्या महिन्यातच एकदा भेटून यावे. गाव लहान असेल तर प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी आरोग्य केंद्रात चौथ्या महिन्यापासून मोफत तपासणी होते, तीही हिशेबात धरावी. (तीन महिने कुणाला सांगायचे नाही, ही रीत खुशाल पाळा, पण त्यापायी पहिली तपासणी लांबवू नका, प्रसूतीची तारीख ठरवायला सुरुवातीची सोनोग्राफीच सर्वांत भरवशाची असते.)

फाइलचे महत्त्व मला परवा कळले. जावेचे बीपी १२८/८४ भरले. सुटे पाहिले असते तर कुणी फारसे मनावर घेतले नसते, पण तिसऱ्या महिन्यातल्या कागदावर १०४/६६ लिहिलेले होते. दोन्ही आकडे शेजारी ठेवल्यावर बीपी चढल्याचे दिसले, म्हणून डॉक्टरांनी लघवीतले प्रथिन तपासले (चढत्या बीपीबरोबर ते आढळले तर धोक्याची खूण असते), ते नव्हते, आणि पंधरा दिवसांऐवजी आठच दिवसांनी यायला सांगितले.