मीटिंगच्या दारापर्यंतची सोबत

बडोद्यातील मराठी घरांसाठी हे लिहीत आहे. ज्यांच्याविषयी लिहिते त्यांना मी येथे फक्त 'काका' म्हणणार आहे. खरे नाते आणि नाव सांगत नाही, कारण अल्कोहोलिक्स अनॉनिमसच्या, म्हणजे दारू सोडू पाहणाऱ्यांच्या 'एए' या गटाच्या मीटिंगला कोण जाते हे जाहीर करण्याचा अधिकार मला नाही. हे लिखाण त्यांना वाचायला देऊन, त्यांची संमती घेऊनच येथे टाकले आहे.

गुजरात राज्य १९६० मध्ये झाले तेव्हापासून येथे दारूबंदी आहे. मुंबई राज्याचा १९४९ चा कायदाच पुढे चालू राहिला. त्या कायद्याच्या बाजूने किंवा विरुद्ध मला काही म्हणायचे नाही. परंतु दारू मिळवणारा ती मिळवतोच आणि पिणे हाच गुन्हा असल्यामुळे घरातील माणसे त्याविषयी डॉक्टरांपाशीही तोंड उघडत नाहीत, हे मी जवळून पाहिले आहे. इतर ठिकाणी जी गोष्ट केवळ लाजेची असते, तिला आमच्याकडे पोलिसांचे भयही चिकटते. दांडिया बाजारातील त्या घरात अकरा वर्षे 'काकांचे पित्त वाढले आहे' हेच वाक्य पाहुण्यांना सांगितले जात होते, आणि ते सांगणाऱ्यांत मीही होते.

शपथा पुष्कळ झाल्या. मुलीच्या डोक्यावर हात ठेवून झाली, देवघरात झाली. गणपतीसमोर घेतलेली शपथ अनंत चतुर्दशीपर्यंत टिकली. शपथ मोडली की आम्ही अधिक कठोर बोलत असू आणि काका अधिक लपून पीत असत. आज मला वाटते की आम्ही त्यांच्याकडून आयुष्यभराचे वचन मागत होतो आणि त्यांच्या हाती मात्र एक दिवस निभावण्याचेही साधन देत नव्हतो.

शेवटी मी १४४४६ या केंद्र सरकारच्या नशामुक्ती हेल्पलाइनला फोन केला आणि नंतर एका मानसोपचारतज्ज्ञांना भेटले. त्यांनी सांगितलेली एक गोष्ट प्रत्येकाने लक्षात ठेवावी: रोज भरपूर पिणाऱ्याने घरच्यांच्या आग्रहामुळे दारू एकाएकी बंद करणे जिवावर बेतू शकते. हात थरथरणे ही सुरुवात असते. पुढे फिट येऊ शकते आणि दोन-तीन दिवसांनी भ्रमही होऊ शकतो. म्हणून आधी डॉक्टरांच्या देखरेखीखाली शरीर सावरू दिले आणि मग मीटिंगचा पत्ता शोधला.

पत्ता मिळाला तरी दार ओलांडणे सोपे नव्हते. पहिल्या दोन वेळा माझ्या स्कूटरवरून काका जिन्यापर्यंत आले आणि तेथूनच परत फिरले. "आत रजिस्टरमध्ये नाव लिहून घेतील आणि ते पोलिसांकडे जाईल," असे ते म्हणत होते. तिसऱ्या वेळी एक सदस्य खाली उतरून आले आणि म्हणाले, "या साहेब, येथे कोणाचे नाव लिहून घेत नाहीत. दारू सोडण्याची इच्छा असली की पुरे." ती मीटिंग ओपन होती, म्हणून मलाही आत बसता आले, क्लोज्ड मीटिंगला फक्त दारूचा त्रास असलेलेच बसतात. शेवटी वर्गणीची पिशवी फिरली तेव्हा मी पर्स उघडली, तर शेजारच्या बाईंनी मला नम्रपणे थांबवले. बाहेरच्यांचे पैसे ते घेत नाहीत. खोलीचे भाडे आणि चहा सदस्यांच्याच ऐच्छिक पैशांतून भागतो. अकरा वर्षांत अंगारे, औषधे आणि हमखास इलाजाच्या जाहिराती यांवर पैसा ओतलेल्या आम्हाला ती गोष्ट फार मोठी वाटली.

तेथे कोणी उपदेश करत नाही. प्रत्येक जण स्वतःचे सांगतो, बाकीचे मध्ये न बोलता ऐकतात. १९३५ मध्ये अमेरिकेतील अ‍ॅक्रन गावी ही चळवळ सुरू झाली, तीही अशाच एका बोलण्यातून. व्यवसायातील अपयशाने खचलेल्या, दारू सोडलेल्या बिल नावाच्या गृहस्थांना पुन्हा प्यावेसे वाटू लागले, तेव्हा त्यांनी आपल्यासारखाच दारूत अडकलेला माणूस शोधला आणि त्यांना डॉक्टर बॉब भेटले. घरच्यांना मी हेच कळकळीने सांगते की आपले प्रेम खरे असले तरी या आजारात 'मलाही असेच होत होते' असे म्हणणारा माणूस आपण होऊ शकत नाही.

काका पहिले सहा आठवडे गप्प बसले. घरी मराठी आणि दुकानात गुजराती बोलणारे काका मनातले मात्र कोणत्याच भाषेत बोलत नसत. सातव्या आठवड्यात ते मराठीतच बोलू लागले आणि कोणीही त्यांना थांबवले नाही. पुढे एकदा त्यांची स्लिपही झाली, म्हणजे ते पुन्हा प्यायले. दुसऱ्याच संध्याकाळी ते त्याच खुर्चीवर जाऊन बसले आणि ती झाली हे स्वतःच सांगितले. लपवण्यात इतकी वर्षे घालवलेल्या माणसाचे ते सांगणे मला साऱ्या शपथांहून मोठे वाटते. काकू आता अल-अ‍ॅनॉनच्या, म्हणजे १९५१ पासून कुटुंबीयांसाठी चालणाऱ्या गटाच्या, ऑनलाइन मीटिंगला बसतात आणि बाटल्या शोधत कपाटे उचकणे त्यांनी थांबवले आहे.

हल्ली मीटिंगच्या दिवशी काका लवकर जाऊन जिन्याच्या पायथ्याशी उभे राहतात. तुमच्या घरातील कोणाला एकट्याने जाणे जड वाटत असेल, तर मला मेसेज करावा. जिन्यापर्यंत मी सोबत येईन, आणि कोण आले होते हे माझ्याकडून कोणालाही कळणार नाही.