कव्हर ड्राइव्ह नसलेली खेळी : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. तुमची प्रतिक्रिया दोन-तीनदा वाचली. पूर्वी फक्त क्रिकेट बघायचो, मग टेनिस आलं आणि आता सायकलच्या शर्यती तासन्‌तास बघतो, असं मी मागच्या लेखात लिहिलं होतं. तुमचं म्हणणं, ही नुसती धरसोड आहे. खरा चाहता एका खेळाला धरून राहतो, आणि वयाप्रमाणे आलेल्या कंटाळ्याला मी जाणकारीचं गोंडस नाव दिलंय. हे मनाला लागलं, म्हणून सविस्तर लिहितोय.

टेनिसबद्दल तुमचं बरोबर आहे. सप्टेंबर २०२२मध्ये फेडरर लंडनला नदालच्या जोडीनं शेवटचा सामना खेळला, त्यानंतर मी टेनिस जवळजवळ बघितलेलंच नाही. २००८च्या विम्बल्डन फायनलचा पाचवा सेट ९-७ असा गेला तेव्हा मला रडू आलं होतं, पण नदाल तो कसा जिंकला हे आजही नीट सांगता येणार नाही. मी नेटच्या एकाच बाजूला बघत होतो. जीव त्या माणसावर होता, खेळावर नव्हता.

कंटाळ्याचा मुद्दा मात्र मान्य नाही, कारण एकच खेळी मी दोनदा बघितली आहे. जानेवारी २००४, सिडनी, तेंडुलकर नाबाद २४१. त्या दौऱ्यात ऑफ स्टंपबाहेरचे चेंडू ड्राइव्ह करायला जाऊन तो बाद होत होता, म्हणून या डावात त्यानं कव्हर ड्राइव्ह बाजूलाच ठेवला. ४३६ चेंडू! तेव्हा मी वैतागलो होतो. चेंडू पुढ्यात पडतोय आणि हा बॅट उचलून सोडून देतोय. द्विशतकाचा आनंद झाला, पण हा आपला सचिन वाटेना.

काही वर्षांपूर्वी तोच डाव पुन्हा लावला. या वेळी सोडलेले चेंडूच बघत बसलो. बाहेरचा चेंडू येतो, हात वर जातात, चेंडू यष्टिरक्षकाकडे. पुन्हा तेच. गोलंदाज सरळ आला की धावा लेग साइडला. मधल्या वर्षांत, जे आपल्याला सगळ्यात चांगलं जमतं तेच मुद्दाम न करण्याची वेळ कामात माझ्यावरही आली होती. मला ते आठवडाभरही निभावलं नव्हतं. त्यामुळे दुसऱ्यांदा बघताना अंगावर काटा आला. चेंडू तेच होते, पहिल्यांदा मला ते दिसलेच नव्हते.

सायकलचंही तसंच. टूर द फ्रान्स म्हणजे २१ टप्पे, तीन आठवडे. सुरुवातीला मला नुसता रंगीबेरंगी घोळका सरकताना दिसायचा. मग कुणीतरी म्हणालं, पहिला कोण आहे ते सोड, वारा कोण झेलतोय ते बघ. पुढचा वारा कापतो म्हणून मागच्याला कमी ताकद लागते. त्यानंतर एका टप्प्यात एक जण मागे संघाच्या गाडीपाशी गेला, पाण्याच्या बाटल्या पाठीवर जर्सीत कोंबल्या, पार कुबड निघाल्यासारखा दिसायला लागला, आणि तसाच घोळक्यातून पुढे येत त्यानं एकेकाला बाटली दिली. पुढे चढ लागला तेव्हा हाच आघाडीला येऊन सगळ्यांना ओढत राहिला आणि दम संपल्यावर बाजूला झाला. बाकीचे त्याला ओलांडून गेले, कॅमेराही गेला. मी त्याच्याच विचारात.

क्रिकेट मी सोडलंय असं कुठंच म्हटलेलं नाही. उलट जानेवारी २०२१ची सिडनी कसोटी वाचवताना विहारी १६१ चेंडूंत नाबाद २३ वर उभा होता, हॅमस्ट्रिंग दुखावल्यानं धड पळता येत नव्हतं, समोर पाठ धरलेला अश्विन. विशीतला मी टीव्ही बंद करून उठलो असतो. त्या दिवशी जागचा हललो नाही.

एक वाक्य मागे घेतो. ‘षटकारासाठी बघणारी पोरं खेळ बघतच नाहीत’ हे मी चुकीचं लिहिलं होतं. चेंडू वर गेल्यावर जो श्वास अडकतो तोही खेळच आहे, माझी सुरुवात तिथूनच झाली. लेखातून ते काढलंय.

तुम्ही लिहिलंत की तीस वर्षं एकाच फुटबॉल संघाचे सामने बघताय. मग मला एक सांगाल? पहिल्या वर्षी तुमची नजर मैदानात ज्याच्यावर खिळायची, आज त्याच जागी खेळणाऱ्यावर खिळते का, की दुसऱ्याच कुणावर? मनापासून विचारतोय, वाट बघतो.