बायकांच्या हार्ट अटॅकबद्दलचा तो मेसेज अर्धाच खरा

‘बाईला अटॅक आला तर छातीत दुखत नाही, नुसती पाठ नि जबडा दुखतो’ असा मेसेज ग्रुपांवर फिरतोय. तसं नाही. छातीत दुखणं, दडपण येणं हेच बायकांमध्येही सर्वांत जास्त आढळणारं लक्षण आहे. मात्र त्याच्या जोडीला मळमळ, धाप, जबडा-पाठ दुखणं पुरुषांपेक्षा अधिक दिसतं. मग घरचे ‘पित्त झालंय’ म्हणत ओवा, सोडा देत बसतात, आणि उशीर होतो तो इथेच. रुग्णालयात पोचल्यावर १० मिनिटांत ईसीजी व्हायला हवा, बाई असो वा पुरुष. तो नॉर्मल आला तरी ट्रोपोनिनच्या (हृदयाच्या स्नायूला इजा झाली की रक्तात वाढणारं प्रथिन) रक्ततपासणीबद्दल विचाराच. मधुमेह असेल किंवा गरोदरपणात बीपी वाढलं असेल, तर डॉक्टरांना तेही सांगा; दोन्हींमुळे धोका वाढतो. महाराष्ट्रात रुग्णवाहिकेसाठी १०८.